मेंढपाळ-शेतकरी तंटे आणि रूढीचा न्याय: बाहेरचं किती घ्यायचं, आपलं किती वापरायचं?

मृण्मयी_करवीर

नमस्कार मंडळी. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या काही गावांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण आखायचंय. समोर बसणार तंटामुक्त समित्यांचे अध्यक्ष, पोलीस पाटील, शेतकरी आणि तळ टाकून असलेले मेंढपाळ. विषय एकच: बकरी पिकात शिरली की पुढची गोष्ट डोकी फुटेपर्यंत जाऊ नये.

वाचायला मिळतंय ते बहुतेक केनिया, सोमालिया, युगांडाबद्दल. सूर असा की वडीलधाऱ्यांचा पारंपरिक न्याय वापरा, पशुपालकांत शांतता नांदते. पण आपल्याकडं ‘जात पंचायत’ म्हटलं की लोक सावध होतात, आणि ते बरोबरच आहे.

मला तीन गोष्टी हव्यात. तिकडं हे नेमकं कशामुळं चालतं आणि कुठं फसतं? आपल्या कायद्यात कितपत बसतं? आणि बांधावर उभं राहून नुकसान ठरवायचं ते कसं, म्हणजे दोन्ही बाजूंना पटेल? तत्त्वज्ञान नको, रीत सांगा.

---

वाळवंटी_वाट

पहिल्या प्रश्नावर लिहितो. ‘वडीलधारे बसले आणि शांतता झाली’ हे चित्र अर्धवट आहे. न्याय चालतो तो पांढऱ्या दाढीमुळं नाही, भरपाई कोण भरणार हे आधीच ठरलेलं असतं म्हणून.

सोमाली लोकांचा ‘हेर’ हा रूढीचा कायदा बघा. तो सगळ्या जमातीचा एकच कायदा नाही. दोन-दोन गोतांमधले ते तोंडी करार आहेत. प्रत्येक पुरुष एका भरपाई-गटाचा सभासद असतो आणि त्या गटात काहीशे ते काही हजार पुरुष असतात. कुणाच्या हातून खून झाला तर ‘दिया’ म्हणजे रक्तभरपाई सगळा गट मिळून भरतो. रूढ दर पुरुषामागं १०० उंट, बाईमागं ५०. दर वर्षी आपल्या कळपातून उंट द्यावे लागले की चुलतेच त्या भांडखोर पोराचे कान धरतात. म्हणजे पोलीस नसलेल्या मुलखात पोलिसाचं काम भाऊबंद करतात. खरं यंत्र हे आहे, बाकी झाडाखाली बसणं वगैरे त्याची मांडणी.

दुसरी गोष्ट म्हणजे मध्यस्थ तिसऱ्या गोताचा असतो. सुदानमधल्या दारफुरात ‘जुदिया’ नावाची पद्धत आहे. त्यातले ‘अजावीद’ म्हणजे मध्यस्थ दोन्ही बाजूंना मान्य असलेले, भांडणाशी संबंध नसलेले लागतात. पुढं सरकारनं आपल्या मर्जीतले मध्यस्थ बसवून परिषदा भरवल्या, तेव्हा लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला. भरपाईचे आकडे जाहीर व्हायचे, पैसे पोचायचे नाहीत. आपल्याकडं समितीत सगळे गावचेच आणि मेंढपाळ परतालुक्यातला असेल, तर तो निवाडा अगदी याच कारणानं फसणार.

तिसरं, नियम हंगामाच्या आधी बोलून ठेवतात. इथिओपिया-केनियाच्या सीमेवरच्या बोराना लोकांत पाण्याच्या विहिरीला एक पाळीकरी असतो. आज कुणाची जनावरं पहिली आणि परका कळप कितव्या नंबरावर, हे तो ठरवतो. त्यांची ‘गुमी गायो’ ही महासभा दर ८ वर्षांनी भरते आणि तिथं कायद्याची उजळणी होते. तंटा झाल्यावर न्याय करण्यापेक्षा या पाळीवरच त्यांची जास्त भिस्त आहे.

सरकारशी जोड कशी घालायची याचा नमुना म्हणजे ईशान्य केनियातलं वाजिर. १९९२-९३ च्या सुमारास तिथं गोतागोतांत मारामाऱ्या पेटल्या होत्या. सुरुवात बाजारातल्या बायकांनी केली. बाजार सगळ्यांना खुला राहिला पाहिजे, एवढ्या मुद्द्यावर त्या एकत्र आल्या. देखा इब्राहिम अब्दी हे त्यातलं गाजलेलं नाव. मग वडीलधाऱ्यांनी १९९३ मध्ये अल फताह जाहीरनामा केला, आणि पुढं ही शांतता समिती जिल्ह्याच्या प्रशासनाला जोडली गेली. आपल्याकडं पुरुष अध्यक्षांचं प्रशिक्षण आधी आणि बायकांचं ‘नंतर बघू’ असं चालतं. वाजिरमध्ये नेमकं उलटं झालं होतं.

आता फसतं कुठं. भरपाई गट भरत असेल तर श्रीमंत गोताचा माणूस बेफिकीर होतो, आणि ज्याच्यामागं मोठं गोत नाही त्याला कुणी विचारत नाही. सोमालियात शेती करणारे आणि अल्पसंख्य गट याच कारणानं कायम कमी पडतात. बलात्काराचं प्रकरणही दोन घरांचा व्यवहार म्हणून मिटवलं जातं, पीडित मुलीला बैठकीत जागाच नसते. युगांडातल्या करामोजात २०१३ च्या नबिलातुक ठरावानं चोरलेल्या प्रत्येक जनावरामागं दोन परत आणि वर एक, असा दंड ठरवला. ऐकायला कडक, पण अशा दरांत चोर सापडला नाही तर ओझं निर्दोष भाऊबंदांवर येतं आणि नवं वैर सुरू होतं. आणि चोरी जेव्हा विक्रीसाठी, बंदुका घेऊन होते, तेव्हा चोराला त्या गोतात परत तोंड दाखवायचंच नसतं. तिथं वडीलधाऱ्यांचं काही चालत नाही.

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनं कलम १५९ मध्ये पारंपरिक तंटानिवारणाला मान्यता दिली, पण त्याच दमात मूलभूत हक्कांची अट घातली. तरी २०१३ मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयानं कुटुंबांनी उंट-शेळ्यांवर मिटवलेला खुनाचा खटला मागं घेऊ दिला, आणि त्यावर बरीच टीका झाली. प्रशिक्षणात हे उदाहरण जरूर घ्या. कुठं थांबायचं यावर चांगली चर्चा होते.

---

कायद्याचं_बोला

वरच्या दादांनी छान लिहिलंय. एक मात्र पहिल्यांदा फळ्यावर लिहा: आपल्याकडं ‘गोतानं भरपाई वसूल करणं’ हे दाब देऊन केलं, की थेट गुन्हा.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा २०१६ चा आहे आणि अंमल ३ जुलै २०१७ पासून. दंड भरला नाही म्हणून लग्नकार्यात बोलवायचं नाही, देवळात येऊ द्यायचं नाही, रोटीव्यवहार तोडायचा, हे सगळं त्यात येतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावानं मेंढपाळाला ‘या शिवारात पाय ठेवायचा नाही, दुकानदारांनी माल द्यायचा नाही’ असं सांगितलं, तर तेही तसलंच दडपण, जरी हा कायदा मुळात एकाच जाती-समाजातल्या बहिष्काराबद्दल असला. तेव्हा पंचांनी न्यायाधीश व्हायचं नाही. दोन बाजूंची तडजोड घडवायची आणि तिला साक्षी राहायचं.

या चौकटीत जागा भरपूर आहे. पिकात जनावर शिरण्याच्या बाबतीत तीन कायदे माहीत असू द्या.

पहिला, १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा. जुना आहे, पण मेंढ्या-शेळ्याही त्यात येतात. कलम १० प्रमाणं शेतकरी नुकसान करणारी जनावरं धरू शकतो, पण २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची. स्वतःच्या गोठ्यात चार दिवस डांबून ‘आधी पैसे टाक’ म्हणणं त्यात बसत नाही. जनावरं बेकायदा धरली असं वाटलं तर मेंढपाळानं १० दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं. आणि कोंडवाड्याचा दंड म्हणजे शेतकऱ्याची नुकसानभरपाई नव्हे, हा घोळ जवळजवळ प्रत्येक गावात असतो.

दुसरा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, म्हणजे आगळीक. त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होईल याची जाणीव लागते. पोरगं झोपलं आणि बकरी हरभऱ्यात गेली, तर ती आगळीक होत नाही, नुकसानभरपाईचा दिवाणी प्रश्न होतो. मुद्दाम उभ्या पिकात घातली तर वेगळं. खासगी माणसाचं नुकसान असेल तर आगळीकीचे साधे प्रकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली आपसात मिटवता येतात. जनावर मारणं किंवा अपंग करणं हे कलम ३२५, तिथं शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. शेतकऱ्यांना हे बैठकीतच ऐकवा, रागाच्या भरात कुऱ्हाड उचलायच्या आधी.

तिसरा, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. तडजोडीला दात हवे असतील तर वाट इथून जाते. कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. ५ हजारांच्या नुकसानीसाठी कुणी एवढं करणार नाही, मान्य. (उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून ४ गुंठ्यांच्या हरभऱ्यासाठी कोण तिथवर जातंय!) पण रक्कम मोठी असेल, हप्ते असतील, किंवा मेंढी मेली असेल, तर हे करून ठेवा.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात कलम ४३ आणि ४४ सामुदायिक मध्यस्थीची आहेत: वस्तीच्या शांततेला बाधा आणणारे वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थांचं मंडळ. कल्पना म्हणून उत्तम. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये जी कलमं लागू झाली त्यांत ही दोन नव्हती. आधी ती लागू झाली का ते तपासा, मगच कागदावर त्यांचा आधार घ्या. आणि त्यातली तडजोड हुकूमनाम्यासारखी बजावता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय.

कशाला हात लावायचा नाही ते स्पष्ट सांगा. बाईवरचा अत्याचार, मुलांवरचा अत्याचार, गंभीर दुखापत, खून. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा आहे. पंच असोत नाहीतर पाटील, ‘आम्ही मिटवत होतो’ हा बचाव होत नाही.

---

माळ_आणि_मेंढरं

कायदा झाला, आता रीत सांगतो. त्याआधी एक. आफ्रिकेकडं एवढं बघायचं कारण नाही, आपल्या गोतसभेत, म्हणजे गाव-भाऊबंदांच्या जुन्या न्यायसभेत, ही सगळी पायरी होती. शिवकाळ-पेशवाईतल्या कागदांत ती क्रमानं दिसते. आधी दोन्ही वादी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे हा निवाडा मी मानीन. मग जामीन. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे आपली बाजू. मग साक्षी, आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, ज्यावर हजर असणाऱ्यांच्या निशाण्या. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ (खुशीची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ (दंड) सरकार वसूल करे, तेवढं सोडून द्या. दिव्य, म्हणजे अग्निपरीक्षेसारखी कसोटी, तीही सोडा. पण ‘राजीनामा आधी, बोलणं मग’ हा क्रम सोन्यासारखा आहे. आजच्या बैठका फसतात त्यातल्या निम्म्या इथंच. ऐकून घेतात, आकडा पटला नाही की उठून जातात.

आता प्रत्यक्ष. पहिली पायरी तंटा नसतानाच. वाडा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळांचा तांडा, गावात उतरला की दोन दिवसांत पोलीस पाटलानं तळावर जायचं. कारभाऱ्याचं नाव, मूळ गाव, फोन, बकऱ्यांचा अंदाजी आकडा, किती दिवस मुक्काम, रात्री खतासाठी कुणाच्या रानात बसवणार, पाण्याला कुठल्या वाटेनं जाणार, एवढं एका पानावर. त्याच वेळी मेंढपाळाला गावातल्या दोन माणसांचे नंबर द्यायचे. हे पान असलं की मध्यरात्री ‘कोण कुठला’ अशी सुरुवात होत नाही.

दुसरं, पंच पाच ठेवा. दोन शेतकऱ्याच्या पसंतीचे, दोन मेंढपाळाच्या पसंतीचे (दुसऱ्या वाड्यातले चालतील, फक्त भाऊबंद नकोत), आणि पाचवा दोघांना मान्य असा शेजारच्या गावचा. २००७ पासूनच्या तंटामुक्त मोहिमेच्या समित्या या कामाला चांगल्या आहेत, पण त्या ग्रामसभेनं निवडलेल्या. भटका मेंढपाळ ग्रामसभेचा मतदार नाही. त्यामुळं समितीनं बैठक बोलवावी, कागद ठेवावा, निवाडा मात्र या पाचांसमोर व्हावा. पाचांत निदान एक बाई धरा. रानात खुरपणीला आणि तळावर कोकरांपाशी दिवसभर असतात त्या बायकाच. कुठल्या बांधावरून काय शिरलं हे त्यांनाच ठाऊक असतं.

तिसरं, पाहणी उजेडात आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी. दोन्ही बाजू रानात हजर. फोटो काढताना कोपऱ्यात ओळखता येईल अशी खूण घ्या, विहीर, डीपी, गट नंबरचा दगड. चार दिवसांनी पाहणी केली तर मधल्या काळात गावची गुरं, रानडुकरं, दुसरा कळप, सगळ्यांचं खापर एकाच वाड्यावर फुटतं. लेंड्या आणि खुरांचे माग ताजे असताना बघितले तर कळप कुठून शिरला, किती आत गेला ते दिसतं.

चौथा, ठराव. साधा असू द्या. असा:

‘आज दि. ____ रोजी मौजे ____ येथील गट नं. ____ मधील हरभरा पिकात श्री. ____ यांच्या मेंढ्या शिरल्याने सुमारे ____ गुंठे क्षेत्राचे नुकसान झाले. दोन्ही बाजूंनी पाहणी केली. नुकसान रु. ____ इतके उभयतांस मान्य आहे. पैकी रु. ____ आज रोख दिले. उर्वरित रु. ____ दि. ____ पर्यंत देण्याचे, अथवा त्याबदली ____ रात्री मेंढ्या वरील शेतात बसवण्याचे ठरले. या विषयावर उभयतांची एकमेकांविरुद्ध तक्रार राहिली नाही. ही तडजोड कोणत्याही दबावाशिवाय केली आहे.’

खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, पाच पंच, तीन प्रती. मुद्रांकावर करायचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो. छोट्या रकमेला साधा कागदही पुरतो. ‘दंड’ हा शब्द ठरावात कुठंही नको आणि पंचांनी एक रुपयाही ठेवून घ्यायचा नाही. चहापाण्याच्या नावानं घेतलेले दोनशे रुपये अख्खी बैठक नासवतात.

आता बसवणुकीबद्दल. आपल्याकडचा हा मोठा फायदा आहे. शेतकऱ्याला लेंडीखत हवंच असतं, आणि मेंढपाळाकडं रोख नसली तरी रात्री असतात. म्हणून भरपाई पैशाऐवजी रात्रींत फेडता येते. पण आकडे आधी लिहा: किती बकरी, किती रात्री, वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) रोज किती सरकवायची, त्या दिवसांतलं जेवण-धान्य धरलंय का. पाऊस झाला तर ती रात्र धरायची की नाही, हेही. नाहीतर भरपाईतून दुसरा तंटा उगवतो.

---

शिवारफेरी

नुकसान मोजायचं माझ्याकडं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘अख्खं रान गेलं’ आणि ‘दोन घास खाल्ले’ यांच्यामधला आकडा घासाघिशीनं काढणं. त्यात दोघांनाही फसल्यासारखं वाटतं.

क्षेत्र गुंठ्यात काढा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. टेप नसेल तर दोरी मापून न्या. मग खाल्लेल्या भागात तीन ठिकाणी एक-एक मीटरचा चौकोन टाकायचा, एक शेतकऱ्यानं निवडलेला, एक मेंढपाळानं, एक पंचानं. प्रत्येकात एकूण झाडं किती आणि हात लागलेली किती ते मोजा. सरासरी हा नुकसानीचा टक्का. लगतच्या न खाल्लेल्या भागावरून अपेक्षित उतारा.

उदाहरणादाखल आकडे धरू. ४ गुंठे हरभरा, अपेक्षित गुंठ्याला २० किलो, नुकसान ६० टक्के. म्हणजे ४८ किलो. भाव ५,५०० रुपये क्विंटल धरला तर २,६४० रुपये. त्या ४८ किलोंची काढणी-मळणी आता करायची नाही, तो खर्च समजा २४० वजा. राहिले २,४००. २०० बकऱ्यांची एक रात्र १,२०० ला ठरली असेल तर दोन रात्री. बाजार समितीचा भाव कुठल्या तारखेचा धरायचा ते पाहणीच्या दिवशीच ठरवा.

पीक कुठल्या अवस्थेत आहे याला फार महत्त्व. ३०-४० दिवसांच्या हरभऱ्याचे शेंडे शेतकरी स्वतःच खुडतो, फुटवे यावेत म्हणून. त्या वेळी वरवर चरलेल्या रानाला पूर्ण भरपाई मागणं रास्त नाही. तिथं आठ-पंधरा दिवस थांबून दुसरी पाहणी करायची आणि तसं ठरावात लिहायचं. घाटे भरताना बकरी शिरली तर मात्र परत काही येत नाही. उसाचंही तसंच. खोडव्याचे कोवळे कोंब खाल्ले तर फुटतात, पण फुटवा मागं पडतो आणि रान एकसारखं राहत नाही. मुळासकट तुडवलेल्या ओल्या रानाचा टक्का वेगळा काढा. ओल्यात खुरांनी होणारं नुकसान कित्येकदा तोंडानं होणाऱ्यापेक्षा जास्त असतं.

आता उलट बाजू, जी प्रशिक्षणात कुणी घेत नाही. बकरी मेली की लगेच ‘विष घातलं’. खरी कारणं बहुतेक वेळा दुसरी असतात. पावसाच्या ताणात वाढ खुंटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी खाल्ली की किरळ लागते. त्यात सायनाइडसारखं विष असतं आणि जनावर काही मिनिटांत धापा टाकत पडतं. युरिया टाकून पाणी सोडलेल्या सरीतलं पाणी प्यायलं तर तोंडाला फेस, पोट फुगणं, झटके, आणि काही तासांत मरण. फवारलेल्या पिकाचं तिसरं. बैठक बसायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन आणि शवविच्छेदन. पोटातल्या चाऱ्याचा नमुना डॉक्टरांकडूनच सीलबंद करून घ्या आणि थंड राहील असं बघा. मेलेलं जनावर पुरून टाकलं की संशय कायमचा गावात राहतो.

म्हणून फवारणीचं आणि युरिया टाकल्याचं शेतकऱ्यानं तळावर सांगायचं, हा नियम आधीच्या त्या एका पानावर घाला. बांधावर कडुनिंबाचा डहाळा किंवा पांढरं फडकं बांधलं तरी चालतं, खूण कुठली ते दोघांनी ठरवायचं.

---

बिरदेवाचा_माळ

सगळं पटलं, एक राहिलं. कागदापेक्षा भंडारा, म्हणजे देवाची हळद, जास्त बांधतो हो. मेंढपाळ आपल्या धनगरांच्या देवाचा, बिरदेवाचा भंडारा उचलून खोटं बोलणार नाही. पट्टणकोडोलीला दिवाळीच्या आसपास विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दूरदूरचे वाडे येतात. तिथंच वर्षाचे हिशेब मिटवायची बैठक ठेवली तर दोन-दोन जिल्ह्यांचे कारभारी एका जागी मिळतात. पोलीस ठाण्यात बोलावून हे जमणार नाही.

---

कायद्याचं_बोला

यात्रेच्या वेळी बैठक, याला माझी पूर्ण संमती. भाकणुकीच्या, म्हणजे भविष्य सांगण्याच्या, गर्दीच्या दिवशी नको, आदल्या दिवशी. शपथेला विरोध आहे, आणि देवाला कमी लेखून नाही. हातकणंगले-शिरोळात समोरचा शेतकरी कित्येकदा जैन असतो, कधी लिंगायत, कधी मुसलमान. बिरदेवाची शपथ एकालाच बांधते. मग ‘तू उचल भंडारा’ हा सवाल कायम मेंढपाळालाच केला जातो आणि शेतकऱ्याच्या शब्दाला पुराव्याची किंमत मिळते. शिवाय नाही उचलला तर ‘बघा, चोरच’. पुरावा म्हणून शपथ कुणावरही टाकायची नाही. तडजोड झाल्यावर, आपखुशीनं, दोघांनी मिळून भंडारा लावला, नारळ फोडला, तर त्याला कोण नको म्हणेल?

---

बिरदेवाचा_माळ

शेवटी लावायचा म्हणता, तर चालेल. पण बैठक देवळाच्या आवारातच ठेवा, तिथं आवाज चढत नाही. आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं त्यांच्यातला मानाचा माणूस आणा, नुसता समितीवाला नको.

---

मृण्मयी_करवीर

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. डोंगराकडच्या, म्हणजे शाहूवाडी-गगनबावडा-राधानगरीतल्या म्हसरं पाळणाऱ्या डंगे धनगरांनाही हीच रीत सांगायची का? आणि चिकोडी-अथणीकडून येणाऱ्या वाड्यांतल्या काहींना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या सह्या पुढं कुणी अमान्य करेल का?

---

वाळवंटी_वाट

डोंगरातला तंटा वेगळा आहे. तिथं समोर बहुतेक वेळा शेतकरी नसून वनखातं असतं, आणि रूढीची तडजोड दोन बरोबरीच्या बाजूंत होते. राखीव वनातली चराई १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली येते, ती तडजोडीनं मिटवायचा अधिकार कलम ६८ प्रमाणं नेमलेल्या वनाधिकाऱ्याला, पंचांना नाही. तिथं तुमचं प्रशिक्षण नेऊ नका, उगीच आशा लागेल. फक्त दोन वाड्यांमधल्या कुरणाच्या आणि पाण्याच्या पाळीपुरती रीत चालेल.

---

माळ_आणि_मेंढरं

भाषेचं असं. ठराव आधी कानडीत मोठ्यानं वाचायचा, वाचणारा मेंढपाळानंच आणलेला असावा. मग शेवटी एक ओळ घाला: ‘वरील मजकूर श्री. ____ यांना कानडीत वाचून व समजावून सांगितला, तो त्यांनी मान्य केला’, आणि खाली वाचणाऱ्याचीही सही. शक्य असेल तर तीन प्रतींपैकी त्यांची प्रत कानडीतच लिहा. दोन्ही प्रतींवर रक्कम आणि तारीख आकड्यांत आणि अक्षरांत. आणि वाचतानाचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा, दोघांच्याही.